शेजारचं अर्धं घर पाडलं, आमची मधली भिंत उघडी पडली. पावसाआधी काय करू? (ऐरोली)

खाडीकाठ | १८ एप्रिल, रात्री ९.४०

मंडळी नमस्कार. जरा सविस्तर लिहिते, कारण मिस्त्री लोकांना तोंडी सांगताना दर वेळी काहीतरी राहून जातं.

आम्ही ऐरोलीला जोडघरात राहतो. दोन घरं, मधली भिंत एकच. तळमजला, त्यावर एक मजला आणि गच्ची. पस्तीस वर्षं झाली. शेजारच्या काका-काकूंनी गेल्या वर्षी त्यांचं घर विकलं, आणि नव्या मालकांनी मार्चअखेरीला त्यांचा अर्धा भाग पूर्ण उतरवला. त्यांना तिथे तळमजला अधिक दोन बांधायचे आहेत. परवानगीचा फलक लावलेला आहे, माणसंही बोलायला बरी आहेत, त्यामुळे भांडण असं नाही. पण पाडकाम करणाऱ्याने शेवटच्या दोन दिवसांत घाई केली आणि ब्रेकर थेट मधल्या भिंतीला लावला. आमच्या बाजूला देव्हाऱ्याच्या फळीखाली तिरका तडा आलाय, नख जाईल एवढा.

आता त्या बाजूने भिंत कशी दिसते ते सांगते. खाली त्यांच्या स्वयंपाकघराच्या निळ्या टाईल्स अजून चिकटलेल्या आहेत, ओट्याचा दगड जिथे भिंतीत घुसवला होता तिथे आडवी खाच आहे. वर त्यांच्या खोलीचा पिस्ता रंग. दोन्हींच्या मधे स्लॅब तोडल्याची फूटभर उंचीची ओबडधोबड पट्टी, त्यातून सळ्यांची टोकं बाहेर आलेली. पोटमाळ्याचाही तुकडा लोंबतोय. आणि ज्याने माझी झोप उडवली ते हे: काकांनी वरच्या खोलीत कपाट बसवायला भिंत आतून कोरली होती. बाकी भिंत नऊ इंची, पण त्या साधारण चार बाय सहा फुटांत फक्त साडेचार इंच उरली आहे. एवढ्या वर्षांत आम्हाला पत्ताच नव्हता. त्या साडेचार इंचाच्या अलीकडे सासूबाईंचा पलंग आहे. त्या ८४ वर्षांच्या आहेत, दम्याचा त्रास आहे.

भिंत पश्चिमेला तोंड करून, सरळ खाडीकडे. समोर आता आडोसा काहीच नाही. इथला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, खाडीवरून वारा सुटला की पाऊस वरून येत नाही, आडवा येतो. भिंत अंदाजे २८ फूट लांब आणि कठड्यापर्यंत २२ फूट उंच.

काल संध्याकाळी मी पलीकडे जाऊन जिथे गिलावा पडलाय तिथे विटांवर तांब्याभर पाणी मारून पाहिलं. खाली एक ओघळ आला नाही. भिंतीने सगळं पिऊन टाकलं. मिनिटभरात वीट नुसती गडद दिसत होती. तेव्हापासून डोक्यात तेच आहे.

तिघांना दाखवलं. एक म्हणाला, ताडपत्री टाका, दिवाळीपर्यंत त्यांची भिंत येईलच. दुसरा म्हणाला, दोन हात डांबर मारा. तिसऱ्याने आमच्या खोल्यांत आतून केमिकल आणि पुट्टी करायचा सल्ला दिला, म्हणजे परांचीचा खर्च वाचेल. तिघांचं तीन दिशांना. कोणाचं ऐकू? आणि ही भिंत कायमची नीट करायची असेल तर कोणत्या क्रमाने करायची?

ओळंबा | १८ एप्रिल, रात्री ११.१५

ताई, ठाणे-घोडबंदर पट्ट्यात बावीस वर्षं साइटवर आहे. जोडघरांची आणि रो-हाऊसची अशी बरीच कामं केली आहेत. आधी एक गोष्ट मनात पक्की धरा. ही भिंत तुमच्या हाताला लागते ती फक्त आता, शेजारच्यांची नवी भिंत उभी राहीपर्यंत. त्यांची भिंत आली की दोघांच्या मधे दोन-तीन इंचांची फट राहील आणि त्या फटीत पुन्हा आयुष्यात कोणाचा हात जाणार नाही. म्हणून ‘पावसापुरतं’ असा विचार करू नका. जे कराल ते शेवटचं समजून करा.

तिघांचं सांगतो. ताडपत्री हा उपाय नाही, काम अर्धवट राहिलं तर तेवढ्यापुरता आडोसा आहे. डांबर अजिबात नको. पश्चिमेच्या उन्हात ते मऊ पडतं, आणि एकदा डांबर लागलं की त्यावर सिमेंट धरत नाही, म्हणजे पुढे गिलावा करायची वाट तुम्हीच बंद करता. आतून केमिकल तर सगळ्यात वाईट. पाणी बाहेरून भिंतीत शिरणार, आणि आत आल्यावर त्याला बाहेर पडायला जागा नाही. ते पुट्टीच्या मागे साठतं, क्षार घेऊन येतं, आणि गणपतीपर्यंत पोपडे सुटतात. शिवाय भिंत आतल्या बाजूने वाळायची तीही बंद होते. पाणी जिथून येतं तिथेच अडवायचं.

तुमचा तांब्याचा प्रयोग बरोबर आहे. भाजक्या विटेला मानकाप्रमाणेच वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी पिण्याची मुभा असते. तीन किलोची वीट धरली तर सहाशे ग्रॅम. ही भिंत आतली म्हणून बांधलेली आहे, तिचा गिलावा पातळ, एका हाताचा, त्यात वॉटरप्रूफिंग नाही. तिने पाऊस झेलावा अशी अपेक्षाच कधी नव्हती.

आता क्रम.

टाईल्स सगळ्या काढा. घट्ट वाटल्या तरी काढा, ठोकून पाहिलं तर निम्म्या पोकळ वाजतील आणि त्या पोकळीत पाणी बसेल. जुना गिलावाही काढा, रंगावर नवा गिलावा धरणार नाही. विटांच्या दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, अर्धा इंच खोल खरवडून घ्या, काँक्रीटच्या पट्टीला टाचे मारा, म्हणजे छिन्नीने खरबरीत करा. ब्रेकर नको, छिन्नी-हातोडी. भिंत एकदा हादरली आहे, पुन्हा हादरवायची नाही.

सळ्यांची टोकं पृष्ठभागाशी कापून सोडतात, ते चालणार नाही. भोवतीचं काँक्रीट इंचभर खोल उकरून सळई आत कापायची, गंजरोधक लावायचं आणि खड्डा पॉलिमर मॉर्टरने भरायचा. नुसती वर कापली तर दोन-तीन पावसाळ्यांत गंजून फुगते आणि वरचा गिलावा ढकलून देते. बाहेरच्या गिलाव्यावर तांबड्या रेघा उतरलेल्या पाहिल्या असतील, त्या याच.

कपाटाची कोरलेली जागा. ती नुसत्या मालाने भरायची नाही. चार इंच जाड माल एका दमात भरला तर तो आकसतो, कडेने फट सोडतो. विटा भिजवून अर्ध्या विटेची भिंत आत बसवायची, तीन-चार थरांआड जुन्या भिंतीत सळईचे तुकडे घालून तिला बांधून घ्यायचं. सासूबाईंचा पलंग तोवर दुसऱ्या भिंतीला हलवा.

मग जाळी. जिथे वीट आणि काँक्रीट भेटतात तिथे सांध्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच येईल अशी कोंबडीजाळी खिळ्यांनी ताणून लावायची. ऊन-पावसात दोघं वेगवेगळे हलतात, त्यामुळे चीर तिथेच पडते.

गिलावा दोन हातांचा. पहिला साधारण १२ ते १५ मिलिमीटर, दुसरा ८, दोन्ही एकास चार, म्हणजे एक भाग सिमेंट, चार भाग वाळू. प्रत्येक गोणीमागे २०० मिलिलिटर वॉटरप्रूफिंग द्रव, तो गोणीत नाही, कालवायच्या पाण्यात आधी घालायचा. डॉ. फिक्सिटचं एलडब्ल्यू प्लस घ्या किंवा तशाच कामाचं दुसरं, प्रमाण डब्यावर पाहा. तुमची भिंत सहाशे चौरस फुटांच्या थोडी वर भरते, खाचाखळगे धरून दहा ते बारा गोण्या लागतील, म्हणजे द्रव अडीच लिटरच्या आत. मिस्त्रीने पाच लिटर मागितलं तर विचारा कशाला.

तुमची भिंत पश्चिमेची, म्हणजे सकाळी सावलीत असते. गिलावा सकाळी लावून घ्या आणि दुपारच्या आत त्या भागाचा हात संपवा. परांचीला हिरवी जाळी बांधा, ओलं गोणपाट लटकवा. एप्रिलच्या उन्हात ओला गिलावा तापला तर केसासारख्या चिरा पडतात आणि मग केमिकल कितीही घाला, उपयोग नाही. किमान सात दिवस, दिवसातून तीनदा पाणी. हे सात दिवस कोणी स्वतः पाहत नाही आणि भिंत तिथेच वाया जाते.

त्यावर दोन घटकांचं पॉलिमर-सिमेंट कोटिंग, दोन हात, एक आडवा, एक उभा. हेच का, तर ते दमट भिंतीवर चालतं. बाहेरच्या ॲक्रिलिक रंगाला गिलावा पुरा मुरलेला आणि कोरडा लागतो, साधारण २८ दिवस. तेवढे दिवस तुमच्याकडे नाहीत. मुंबईत पावसाची तारीख ११ जून म्हणतात, पण २०२५ साली तो २६ मेलाच येऊन उभा राहिला होता. तुम्ही २० मे धरून चाला.

आणि परांची दुहेरी बांधून घ्या, स्वतःच्या पायावर उभी राहणारी. एकेरी परांचीचे आडवे बांबू भिंतीत खोचतात, निघताना ती भोकं घाईत भरतात, पुढे प्रत्येक भोक गळतं.

एक विचारायचं राहिलं. त्यांनी पाया खोदलाय का? तुमच्या भिंतीपासून किती लांब आणि किती खोल?

सेक्टरकर | १९ एप्रिल, सकाळी ७.०५

ताई, ओळंबा दादांनी लिहिलंय ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत करा. मी कोपरखैरण्याचा, रो-हाऊसमध्ये आहे. आमच्यावर २०१९ ला हीच पाळी आली आणि आम्ही ताडपत्रीवर भागवलं. ‘दिवाळीपर्यंत बांधतो’ हे आम्हालाही सांगितलं होतं. शेजाऱ्याचं कर्ज अडकलं आणि भिंत यायला दोन वर्षं लागली. माणूस वाईट नव्हता, पण पाऊस त्याचं कारण विचारत नाही.

ताडपत्री आम्ही लाकडी पट्ट्या मारून खिळ्यांनी ठोकली होती. पहिल्याच वाऱ्यात वरचं टोक सुटलं. मग ती रात्रभर भिंतीवर आपटायची, जणू कोणी कपडे धुतंय. प्रत्येक खिळा हलून त्याचं भोक मोठं झालं. आणि मागे जे पाणी गेलं ते प्लास्टिकमुळे वाळेना. जुलैत कपाटाच्या मागून बुरशीचा वास यायला लागला, लग्नातला शालू काढला तर घडीवर काळे ठिपके.

पण मी लिहितोय ते त्यासाठी नाही. आमच्या त्या भिंतीत लाइटची पाइप होती. एके दिवशी माझ्या मुलाने पंख्याचं बटण दाबलं आणि हात झटकला. बोर्डाच्या मागे पाणी उतरलं होतं. ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, होता म्हणून लाइन ट्रिप झाली. ताई, तुमच्या बाजूने त्या भिंतीवर जे बोर्ड असतील ते आजच इलेक्ट्रिशियनला दाखवा. आणि शेजाऱ्यांच्या बाजूने जी जुनी वायर-पाइप भिंतीत राहिली असेल तिची उघडी तोंडं बंद करून घ्या. पाणी त्या नळीतून कुठल्या कुठे जातं.

ताडपत्री लावायची वेळ आलीच तर भिंतीला एकही खिळा मारू नका. कठड्यावरून आत घ्या, गच्चीवर रेतीच्या गोण्यांखाली दाबा, खालचं टोक बांबूला गुंडाळून ताणून ठेवा. भिंत आणि ताडपत्रीत वीतभर अंतर राहू दे, वारा खेळला पाहिजे.

खाडीकाठ | १९ एप्रिल, दुपारी २.२०

दादा, दोघांचेही मनापासून आभार. इलेक्ट्रिशियन सकाळीच येऊन गेला. आमच्या बाजूला त्या भिंतीवर एकच बोर्ड आहे, तो बंद करून घेतला. त्यांच्या बाजूला गीझरच्या पॉइंटची नळी तोंड वासून होती, ती त्याने बाहेरून बुजवली.

पायाबद्दल विचारायला गेले. अजून खोदलेलं नाही, ८ मेला मशीन येणार आहे म्हणाले. भिंतीला लागून सबंध लांबीचा चर, पाच-सहा फूट खोल, एका दिवसात काढून टाकू म्हणजे मशीनचं भाडं वाचेल, असं त्यांचा कंत्राटदार म्हणतो. हे ठीक आहे का? आमचा पाया किती खोल आहे मला माहीत नाही. मूळ नकाशा कपाटात असेल, शोधते.

ओळंबा | १९ एप्रिल, सायंकाळी ६.५०

ताई, हे ठीक नाही. गिलाव्याची चर्चा क्षणभर बाजूला ठेवा, आधी हे थांबवा.

खाडीकाठची जमीन आहे. त्या पट्ट्यात भरावाच्या खाली बऱ्याच ठिकाणी काळी मऊ खाडीची माती लागते. तुमचा पाया ज्या मातीवर बसलाय ती आजूबाजूच्या मातीने दाबून धरलेली आहे. बाजूची माती पूर्ण लांबीत, पायाच्या तळापेक्षा खोल, एकदम काढली की खालची माती रिकाम्या बाजूला सरकते. भिंत सरळ पडेलच असं नाही, पण पाव इंच जरी बसली तरी तुमचा नवा गिलावा, जाळी, कोटिंग सगळं तिरकं चिरतं. आणि त्या चरात पाऊस साठला तर काठ ढासळायला एक रात्र पुरते. देव्हाऱ्याखालचा तडा तिरका आहे असं तुम्ही लिहिलंय. तो ब्रेकरचाच असेल, पण आजच त्यावर काचेची छोटी पट्टी दोन्ही बाजूंना सिमेंटने चिकटवा आणि तारीख लिहा. पट्टी तुटली तर भिंत हलते आहे.

खोदकाम तुकड्यातुकड्यांनी व्हायला हवं. चार-पाच फुटांचा एक तुकडा खोदायचा, त्यात काँक्रीट करून भरून काढायचा, मग एक सोडून पुढचा. शेजारशेजारचे दोन तुकडे एका वेळी उघडे ठेवायचे नाहीत. तुमच्या भिंतीला टेकू हवेत. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे भिंतीलगतचं खोदकाम पावसाळ्यानंतर. त्यांना बाकीची बाजू आत्ता सुरू करता येईल. हे मी किंवा त्यांच्या कंत्राटदाराने ठरवायचं नाही, त्यांच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी द्यायचं. परवानगीच्या फलकावर त्याचं नाव असेल, त्याला गाठा.

कलम-कागद | १९ एप्रिल, रात्री १०.३०

मी वाशीला दिवाणी वकिली करते. ताईंचं प्रकरण पाहिलेलं नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण लिहिते.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा: आधार आणि आडोसा. एकमेकांना टेकलेल्या बांधकामांना वीस वर्षं शांतपणे, अखंड मिळत आलेला आधार हा हक्क होऊ शकतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या, म्हणजे ईझमेंट ॲक्टच्या, कलम १५ मध्ये ते आलेलं आहे. तुमचं घर पस्तीस वर्षांचं आहे. त्यामुळे पाया खोदण्याबद्दल बोलताना तुमची बाजू मजबूत आहे, ती ठामपणे मांडा.

पावसापासून आडोशाचं तसं नाही. यावर इंग्लंडमधला एक प्रसिद्ध निकाल आहे, १९६४ चा, फिप्स विरुद्ध पिअर्स. वॉरिक गावात अगदी हेच झालं होतं. एकमेकांना चिकटून दोन घरं, एक पाडलं, दुसऱ्याची गिलावा नसलेली भिंत उघडी पडली, पाणी शिरलं, थंडीत गोठलं आणि भिंत तडकली. न्यायालय म्हणालं, शेजाऱ्याच्या घराने तुम्हाला हवामानापासून वाचवत राहावं असा हक्क नसतो. तिथे आता १९९६ चा पार्टी वॉल कायदा आहे, आधी नोटीस द्यावी लागते. आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही. इंग्लंडचा निकाल इथे बंधनकारक नाही, पण समोरचा वकील तो काढेल हे धरून चाला. म्हणून ‘उघडी केलीत, आता झाका’ एवढ्याच बळावर जाऊ नका. ब्रेकरने झालेलं नुकसान हा मात्र निराळा विषय आहे, ते मागता येतं.

संबंध चांगले आहेत ना, मग आत्ताच कागद करा. पाचशेच्या स्टॅम्पवर, नोटरीसमोर. त्यात एवढं असू द्या: आजच्या तारखेचे भिंतीचे फोटो दोघांच्या सह्यांनी, त्यांच्या जागेत परांची उभी करायची परवानगी आणि मुदत, गिलाव्याचा खर्च कोण किती देणार, भिंतीलगत खोदकाम इंजिनिअरच्या लेखी पद्धतीनेच, आणि दोन भिंतींमधल्या फटीवरचं झाकण कोण करणार, कधी करणार. शेवटचा मुद्दा सगळे विसरतात. मग दहा वर्षांनी माझ्याकडे येतात.

ओळंबा | २० एप्रिल, सकाळी ८.१०

वकील ताईंनी झाकणाचं काढलं ते फार बरं केलं. तेवढं समजावून सांगतो, कागदात तसंच लिहून घ्या.

नवी भिंत तुमच्या भिंतीला चिकटवून बांधू द्यायची नाही. दोन इमारती वेगवेगळ्या बसणार, वेगवेगळ्या हलणार. मधे फट हवीच. त्यांची स्लॅब आणि कॉलम ओतताना थर्माकोलची शीट उभी करायची, म्हणजे माल तुमच्या भिंतीला धरणार नाही. वीटकाम करताना गवंड्याच्या थापीवरून माल आणि विटांचे तुकडे फटीत पडतात, ते अधेमधे अडकतात आणि पुलासारखे बसतात. त्यावरून ओल इकडून तिकडे जाते. दर दिवशी काम संपताना फटीत लाकडी फळी सोडून ठेवायची आणि ती वर ओढून पडलेला माल काढायचा. साधी गोष्ट आहे, पण मालकाने सांगितल्याशिवाय कोणी करत नाही.

झाकण असं. त्यांची इमारत तुमच्यापेक्षा उंच होणार, म्हणून तुमच्या कठड्याच्या वर त्यांच्या भिंतीत इंचभर खोल आडवी खाच मारायची. पत्र्याची एक कड त्या खाचेत बसवून सीलंट भरायचं, आणि दुसरी कड तुमच्या कठड्यावरून खाली उतरवून मोकळी सोडायची. दोन्हीकडे स्क्रू मारायचे नाहीत. दोन्हीकडे आवळला तर पहिल्याच उन्हाळ्यात एक बाजू सुटते. फट वरून सिमेंटने भरून टाकू म्हणतील, त्याला नाही म्हणा. ते वर्षभरही टिकत नाही.

तुमच्या कठड्याच्या माथ्याला आत गच्चीकडे उतार द्या, आणि तळाला भिंत जमिनीला भेटते तिथे वाटा मारा, म्हणजे कोपरा सिमेंटने गोलसर उतरता करा. त्यांची फट वरून झाकली जाईपर्यंत जे पाणी उतरेल ते तुमच्या पायाशी थांबता कामा नये.

खाडीकाठ | १४ जून, सकाळी ११.३०

उशिरा लिहितेय, पण सगळं पार पडल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

मूळ नकाशा सापडला. आमचा पाया साडेतीन फूट, म्हणजे त्यांचा चर आमच्या खाली गेला असता. नकाशा घेऊन शेजाऱ्यांच्या इंजिनिअरकडे गेलो, त्यांनी तो पाहताच भिंतीलगतचं खोदकाम ऑक्टोबरवर ढकललं आणि तुकड्यांची पद्धत लिहून दिली. शेजाऱ्यांनीही ताणलं नाही. कागद झाला. गिलाव्याचा निम्मा खर्च त्यांनी दिला, देव्हाऱ्याच्या तड्याचं पाडकामवाल्याकडून वसूल करून देतो म्हणाले आहेत. काचेची पट्टी अजून अखंड आहे, रोज दिवा लावताना पाहते.

टाईल्स काढायला लागले तेव्हा दादांचं म्हणणं पटलं. तिसऱ्याच टाईलमागे मुंग्यांचं वारूळ होतं आणि विटेला बोट लावलं तर पीठ. कपाटाच्या जागेत नवी अर्धी भिंत बसली. मिस्त्री एकेरी परांची बांधायला निघाला होता, त्याला थांबवलं. तो दोन दिवस नाराज होता, नंतर म्हणाला, बाई, घर तुमचं, बरोबर आहे तुमचं. पाणी मारायचं काम मी कोणावर सोडलं नाही. सात नाही, नऊ दिवस मारलं. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी पाच. गोणपाटाचा तो ओला वास अजून नाकात आहे. कोटिंगचा दुसरा हात २१ मेला संपला.

पहिला जोराचा पाऊस परवा रात्री आला. खाडीवरून, आडवाच. मी बॅटरी घेऊन खोल्या फिरत होते, हाताने भिंत चाचपत होते. सासूबाईंची खोली पूर्ण कोरडी. खाली पोटमाळ्याच्या तुकड्याजवळ मात्र तळहाताएवढा डाग आलाय, दमट, थेंब नाही. बाहेरून पाहिलं तर तिथे कोटिंगला केसभर चीर दिसते. ती आता भरून घेऊ का?

ओळंबा | १४ जून, दुपारी १.४५

ताई, नऊ दिवस पाणी मारलंत, भिंत तुम्हाला फळ देईल.

त्या डागाला आता हात लावू नका. ओल्या भिंतीत चीर उकरली तर बरी होण्याऐवजी पसरते. बाहेरून तेवढ्या भागावर कठड्यावरून ताडपत्रीचा तुकडा सोडा, सेक्टरकरांनी सांगितलं तसा, वीतभर अंतर ठेवून. आत डागाच्या कडेला पेन्सिलने रेघ मारा आणि तारीख घाला. वाढतोय का ते कळेल. दसऱ्यानंतर आठ दिवस कोरडे मिळाले की तो भाग फोडून पाहा. बहुतेक पोटमाळ्याची एखादी सळई आत कापायची राहिली असेल. ती कापून, पॉलिमर मॉर्टर भरून, वर जाळी आणि कोटिंगचे दोन हात. त्यांचं खोदकाम सुरू व्हायच्या आधी हे उरकून घ्या, नंतर तिथे परांची उभी राहणार नाही.

खाडीकाठ | १४ जून, दुपारी ३.१०

रेघ मारली. मिस्त्रीला दसऱ्यानंतरचा आठवडा आत्ताच सांगून ठेवला आहे. सासूबाई विचारत होत्या, पलंग परत त्या भिंतीला लावायचा का. त्यांना सकाळचं ऊन तिथेच मिळतं. खोली कोरडी आहे, पण हा पावसाळा राहू दे म्हटलं, नोव्हेंबरात हलवू.

सेक्टरकर | १४ जून, रात्री ८.००

बरं केलंत ताई. ऑक्टोबरात खोदकाम सुरू झालं की फोटो टाकत राहा. फटीतली ती फळी रोज वर ओढतात का, तेवढं संध्याकाळी एकदा स्वतः पाहून येत जा.